तीन नंबरच्या प्रेसवरचा गोल

२ फेब्रुवारी, सोमवार

नवी स्क्रीन एकदाची चालू झाली. पहाटे लोणावळ्याहून निघाले. शिफ्ट बदलायच्या आत तळेगावला पोचून तिन्ही प्रेसवर सॉफ्टवेअर चढवायचं होतं. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबणाऱ्या जुन्या, अवाढव्य प्रेस. दुपारी जेवायला दोन वाजले.

जुनी स्क्रीन म्हणजे जत्रा होती. भडक लाल, भडक हिरवा, जांभळा, सगळे एकदम ओरडणारे. मी सगळं पुसून मागे राखाडी ठेवला आणि मधोमध एकच मोठा गोल. पत्रा अडकला की सेटर, म्हणजे साचे बसवणारा माणूस, मागच्या बाजूला जाऊन चावी फिरवतो आणि हात आत घालतो. पुढे उभ्या ऑपरेटरला तो दिसत नाही. चावी फिरली की गोल लाल, म्हणजे थांब. सेटर बाहेर आला की गोल हिरवा. दोन्ही शेड्स निवलेल्या, दोन्हींचं वजन सारखं, म्हणजे एक गडद नि एक फिका असं नाही. आठ तास बघून डोळे शिणू नयेत. या दोन शेड्ससाठी दोन आठवडे घासलेत, कौतुक करून घ्यायला हरकत नाही.

तीन नंबरच्या काचेवर कुणीतरी काळ्या टेपचे दोन तुकडे लावले होते. एक वर आडवा, एक खाली उभा. कडा मळून चिकट झालेल्या. नखाने खरवडून काढले, काच स्पिरिटने पुसली. एवढी महागाची वस्तू आणि वर टेप. कपाळ माझं.

त्या प्रेसचे ऑपरेटर बबनभाऊ, जवळच्या नवलाख उंबरे गावचे, पन्नाशी उलटलेले. म्हणाले, "ताई, आधी वर-खाली दोन दिवे व्हते. आता एकच?"

"एकच, भाऊ. रंग बदलतो."

"बरं." मग बराच वेळ गोलाकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडला.

४ फेब्रु., बुध.

बबनभाऊंचा फोन, ऐन कामात. "ताई, ते पयल्यासारखं वर-खाली करता येतंय का?"

म्हटलं, सवय होईल, आठ दिवस वापरा. "व्हय, व्हय," म्हणून ठेवला. लोकांना बदल नको असतो. घरातली डब्यांची मांडणी बदलली तरी आई आठवडाभर तोंड फुगवते, हे तर कारखान्यातले.

इंदुरीहून मामाने पोह्यांची पिशवी पाठवली. आईने निम्मे शेजारी वाटले.

६ फेब्रु., शुक्र.

सकाळी अकराला निखिलचा फोन. निखिल म्हणजे आमच्या छोट्या फर्मचा मालक, एरवी फोनवर आधी विनोद करणारा. आज सरळ म्हणाला, "तीन नंबरवर प्रेस खाली आली. सेटर आत होता."

दिनेश. सेटर दिनेश. पत्रा अडकला म्हणून मागे गेला, चावी फिरवली, हात घातला. पुढे बबनभाऊंनी प्रेस खाली आणायची दोन्ही बटणं दाबली. पंपाचा आवाज बदलला तसा दिनेशने हात ओढला. हात बाहेर, हातमोजा आत राहिला. नंतर काढला तेव्हा पापडासारखा चपटा झाला होता, असं निखिल म्हणाला. हे मला का सांगितलंस?

गोल लाल होता. मशीनमधल्या नोंदीत स्पष्ट आहे. म्हणजे माझी स्क्रीन बरोबर चालली. हे वाचून मला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

७ फेब्रु., शनि.

कारखान्यात. प्रॉडक्शनचे साहेब (यापुढे प्र.सा., पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही) टेबलाशी, एचआरचा एक माणूस, निखिल, मी. समोर बबनभाऊ, टोपी हातात.

"काय झालं?"

"नजर चुकली, साहेब."

"लाल दिसला नाही?"

"चुकली नजर."

यापलीकडे एक शब्द नाही. बावीस वर्षांत एकही चूक नसलेला माणूस. प्र.सा. म्हणाले, बाकी दोन शिफ्टच्या ऑपरेटरांना विचारलं, कुणालाच अडचण नाही, सरळ निष्काळजीपणा आहे. भाऊंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. निखिलपुढे कागद सरकवला: स्क्रीन ठरल्याप्रमाणे काम करत होती. खाली डिझायनरच्या, म्हणजे माझ्या, सहीला जागा.

मी म्हटलं, गुरुवारपर्यंत देते. निखिलने टेबलाखालून पाय मारला.

जाता जाता दिनेश दिसला. दोन्ही हात खिशात. विचारलं, कसा आहेस. म्हणाला, "हायेत दोन्ही."

बुधवारचा तो फोन. वर-खाली करता येतंय का. दिवसभर डोक्यातून जात नाही.

८ फेब्रु., रवि.

आज कळलं.

आई ब्लाऊज शिवत होती. दोरा निवडताना ती रीळ कापडावर धरते आणि डोळे अगदी बारीक करते. दोरा कापडात हरवला की जुळला. चाळीस वर्षं हेच. मी लॅपटॉपवर दोन गोल शेजारी ठेवून बघत बसले होते. आई मागून आली, सवयीने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "दोन्ही एकच की गं."

"एक लाल आहे, एक हिरवा."

"असूदे. पण जुळलेत."

फोटो काढून मोबाईलवर काळापांढरा केला. दोन करडे गोल, तसूभर फरक नाही. लाल कुठला, हिरवा कुठला, मलाच सांगता येईना. वजन सारखं ठेवलं होतं ना मी. दोन आठवडे घासून.

ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्याच्यासाठी माझा गोल कधी बदलतच नव्हता. जुन्या स्क्रीनवर निदान वर-खाली होतं. आणि टेप. वरच्या दिव्याशी आडवी पट्टी म्हणजे थांब, खालच्याशी उभी म्हणजे चालू. ती बबनभाऊंनी स्वतःसाठी लावली होती आणि मी नखाने खरवडून टाकली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात, फक्त रंगावर काही टाकू नका, सोबत आकार द्या, शब्द द्या. मी नव्या मुलींना हेच सांगते, तेही ऐटीत. जेवले नाही. आईने दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

९ फेब्रु., सोम.

नवलाख उंबऱ्याला गेले. भाऊ घराबाहेर बाजेवर बसले होते, कामाच्या दिवशी घरी बसलेला माणूस दिसतो तसे अवघडलेले. वहिनींनी चहा दिला आणि मुद्दाम आत गेल्या.

मी लॅपटॉप उघडला, दोन गोल दाखवले. "भाऊ, यातला लाल कुठला?"

बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग लांब एमआयडीसीच्या शेडकडे.

"ताई, कुनाला सांगू नका."

लहानपणापासून असं. आंबा पिकला का नाही ते हाताने दाबून सांगतात. भरतीच्या वेळी डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. "माझ्या म्होरं लाइनीत चौघं व्हते. त्यांचं आयकून पाठ केलं. पानं त्याच क्रमानं उलटली त्यानं." दर वेळेच्या तपासणीला तेच पुस्तक, तोच क्रम. सुटले.

"मग खरं का नाही सांगितलंत परवा?"

"निष्काळजी म्हनलं तर चार दिस घरी बसवतील. रंग दिसत न्हाई म्हनलं तर मशिनीवरनं कायमचं उतरवतील. जमीन एमआयडीसीत गेली तवा घरटी एक नोकरी दिली, ती माझ्या नावावर हाय. भावांनी माझ्या नावावर दिली." मग म्हणाले, "दिनेशच्या घरी जाऊन आलो. पाय धरले त्याचे. का चुकलं ते मातुर न्हाई सांगता आलं."

मी म्हटलं, टेप मी काढली, भाऊ. ते म्हणाले, "तुमाला काय ठावं." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाव सांगणार नाही म्हणून शब्द देऊन आले. दिला खरा.

१० फेब्रु., मंगळ

निखिलशी भांडण. मी म्हटलं, चूक डिझाइनची आहे असं लिहून देणार. तो म्हणाला, "वेडी झालीस का? मशीनमध्ये नोंद आहे, गोल लाल होता."

"लाल होता. दिसला नाही."

"कुणाला दिसला नाही?"

मी लॅपटॉप उघडायला लागले. काय सांगणार.

"बाकीच्यांना दिसला. मग चूक आपली कशी? स्नेहल, हे काम गेलं तर पाच जणांना घरी पाठवावं लागेल." त्याचंही खोटं नाही. मी त्याला डोळे बारीक करून बघायला लावलं. बघितलं, दोनदा. मग खुर्चीत बसला आणि बराच वेळ पेनचं टोपण उघडझाक करत राहिला. शेवटी म्हणाला, "नवीन करून आण. मग बघू."

११ फेब्रु., बुध.

नवी स्क्रीन. "थांब" वर, मोठा पिवळा चौकोन, आत पंजा आणि शब्द. "चालू" खाली, निळा त्रिकोण, आत शब्द. पिवळा उजळ, निळा गडद. भाऊंच्या डोळ्यांना हे दोन एकमेकांपासून सगळ्यात लांब, आणि काळंपांढरं केलं तरी गल्लत नाही. आईला दाखवलं. डोळे बारीक करून म्हणाली, "हे नाही जुळत." आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकून बरं वाटलं.

जत्रेकडे परत चाललेय थोडी. चालेल.

१२ फेब्रु., गुरु.

राग अजून उतरलेला नाही, तरी लिहून ठेवते.

तीच खोली, तीच माणसं. भाऊंनाही बोलावलं होतं, कोपऱ्यात उभे. मी नवी स्क्रीन भिंतीवर दाखवली. प्र.सा. बघत राहिले, मग हसले. "निळा? मॅडम, तुमच्या आवडीचा रंग कारखान्यात आणलात होय? उद्या दुसरे भगवा मागतील, मग मी काय करू?"

एचआरचा माणूस हसला. निखिल मोबाईलमध्ये बघू लागला.

माझं आडनाव सगळ्यांना माहीत आहे. शाळेपासून असले टोमणे ऐकलेत, उत्तरंही तयार असतात. आज एका वाक्यात याचं तोंड बंद करता आलं असतं. निळा का, तर त्या कोपऱ्यातल्या माणसाला लाल-हिरवा दिसत नाही म्हणून. जिभेवर आलं होतं. भाऊ जमिनीकडे बघत होते.

गिळलं. म्हटलं, "साहेब, पिवळ्याजवळ निळा सगळ्यात लांबून ओळखू येतो. दहा पावलं मागे जाऊन बघा." आवाज कापत होता, रागाने, पण त्यांना वाटलं असेल घाबरले. याचंच जास्त लागलं.

मग माझा कागद ठेवला. लाल आणि हिरवा गडदपणात सारखे निवडले गेले, फरक फक्त रंगावर राहिला, ही चूक डिझायनरची. सही माझी. आणि एक मागणी: मागची चावी फक्त दिवा बदलते, मशीन अडवत नाही, ती थेट मशीनला जोडा. प्र.सा. म्हणाले, त्याला लाइन दोन दिवस बंद ठेवावी लागते, पुढच्या शटडाऊनला बघू. स्क्रीन मंजूर. भाऊ उद्यापासून कामावर.

उठताना प्र.सा. कागद परत वाचत होते. "फरक फक्त रंगावर राहिला. हं. म्हणजे ज्याला रंग दिसत नाही त्याला काहीच दिसलं नसणार, असंच ना?"

मीच लिहिलं होतं ते.

१३ फेब्रु., शुक्र.

स्क्रीन चढली, तिन्ही प्रेसवर. भाऊ मशीनपासून मागे मागे जात पार खांबापर्यंत गेले आणि तिथून बोलत राहिले, "थांब... चालू... थांब..." एकही चूक नाही. दिनेश मागून चावी फिरवत होता. सगळे हसत होते, मीही.

भाऊ काच पुसायच्या निमित्ताने जवळ आले. हळूच म्हणाले, "ताई, काल मी गप बसलो."

"मीही गप्पच बसले, भाऊ."

"तुमी माझ्यापायी बसला. मी माझ्यापायीच बसलो."

नळाशी जाऊन हात धुतले.

चारला नोटीस लागली. सोमवारी सर्व प्रेस ऑपरेटरांची डोळ्यांची तपासणी. बाहेरचे डॉक्टर, नवं पुस्तक.

माझ्याच वाक्यावरून. माझ्याच प्रामाणिकपणाच्या कागदावरून.

१४ फेब्रु., शनि.

दिनेशचा फोन. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "ताई, एक इचारू? बबनभाऊंना रंग दिसत नाहीत का?"

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं.

"कुनी न्हाई. त्या दिवशी त्यांनी पाय धरले, तवाच मला वाटलं. निष्काळजी मानूस न्हाई तो. माझ्या पोरीच्या बारशाला सगळ्यांआधी आलता." मग म्हणाला, "मला त्यांची नोकरी घालवायची न्हाई. पन मी मागं हात घालतो, तवा पुढच्या मानसाला काय दिसतंय, एवढं मला कळाय पायजे का नको?"

म्हटलं, नव्या स्क्रीनवर त्यांना नीट दिसतं, तूच बघितलंस काल.

"तीन नंबरवर दिसतंय. उद्या क्रेनवर मानूस कमी पडला, तितं लावलं, तर? तितं लाल-हिरवेच दिवे हायेत."

बरोबर आहे त्याचं. सगळं बरोबर आहे. मी "बघते" म्हणाले. या आठवड्यात हा शब्द किती वेळा वापरला.

आई विहारातून आली, जिलबी आणली होती. खाल्ली.

१५ फेब्रु., रवि.

चहा ठेवायच्या निमित्ताने आत आलेय, ओट्याशी उभी राहून लिहितेय. बाहेर भाऊ बसलेत.

अकराच्या एसटीने आले. हातात इंद्रायणी तांदळाची पिशवी. म्हटलं, हे कशाला. "घरचा हाय, ताई." महाशिवरात्र, त्यांना उपास, म्हणून फक्त चहा. आईने बसायला सांगितलं आणि शिलाईचं कापड घेऊन आतल्या खोलीत गेली. ओळखलं असणार तिने.

भाऊंनी आढेवेढे घेतले नाहीत. "ते ठिपक्यांचं पुस्तक तुमच्याकडं असंल. तुमचा धंदाच रंगाचा. उद्यापातुर मला पाठ करून द्या."

"नवं पुस्तक आणणार आहेत, भाऊ. क्रम वेगळा असेल."

"पान कसं वळखायचं ते सांगा. ठिपके कुटं दाट, कुटं पातळ. टेपवर बावीस वर्षं काढली मी. हे बी जमंल."

जमेल. खरंच जमेल त्यांना, मला ठाऊक आहे.

म्हटलं, भाऊ, दिनेशला सांगूया. आणि साहेबांनाही. मी येते बरोबर, तीन नंबरवर तुम्ही सगळ्यांइतकेच चांगले आहात हे मी लेखी देते. ते म्हणाले, "तुमच्या एका कागदानं तपासनी लागली, ताई." रागाने नाही, नुसतं सांगितलं. मी चावी जोडायचं बोलले, क्रेनचं बोलले. ऐकलं सगळं. मग म्हणाले, "क्रेनवर लावलं तर न्हाई म्हनंन मी. शप्पत." आणि लगेच स्वतःच मान खाली घातली. नाही म्हणता येत असतं तर बावीस वर्षं टेप कशाला लावली असती.

लॅपटॉपवर पानं आहेतच माझ्याकडे. उघडली. का उघडली, माहीत नाही. कदाचित टेप मी काढली होती म्हणून.

पहिल्या पानावर बारा. ते पान सगळ्यांनाच दिसतं, मुद्दाम तसं केलेलं असतं. भाऊ म्हणाले, "बारा." आणि असे खूश झाले की मला बघवेना.

दुसरं पान. मला आठ दिसतो, चांगला ठळक. भाऊंनी वाकून बघितलं आणि खात्रीने म्हणाले, "तीन."

मग माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तिथेच मी उठले, म्हटलं चहा टाकते.

चहा कधीचा उकळलाय. गॅस बंद केला. दोन कप भरलेत. लॅपटॉपवर तेच पान आहे, आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "ताई, तीनच ना?"